डब्ल्यूएनबीएमधला पगार, युनियन आणि वेतनकरार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग म्हणजे डब्ल्यूएनबीए. तिच्या खेळाडू आणि मालक यांच्यात पगारावरून रंगलेल्या रस्सीखेचीबद्दल मराठी वाचकांना जे प्रश्न पडतात, ते इथे घेतले आहेत. परिस्थिती डिसेंबर २०२५ पर्यंतची धरली आहे. आकडे डॉलरमध्ये आहेत. रुपयांत हवे असतील तर २०२५ च्या मध्याच्या सुमाराच्या दराने, ढोबळमानाने ८५ ने गुणा.

भांडण नेमकं कशावरून आहे?

हिश्शावरून. पगारवाढ द्यायची हे दोन्ही बाजूंना मान्य आहे, आणि तीही किरकोळ नाही, कित्येक पटींची. वाद एवढाच की लीगचा धंदा वाढेल तसा खेळाडूंचा पगार आपोआप वाढावा, की मालकांनी ठरवून दिलेल्या आकड्यावर दरवर्षी थोडी भर पडत राहावी. बाकी विमान, हॉटेल, घर, बाळंतपणाची रजा हे सगळे विषय आहेतच, पण गाडी अडलीय ती इथे.

२०२५ च्या हंगामात पगार किती होता?

किमान ६६,०७९ डॉलर आणि कमाल २,४९,२४४ डॉलर. कमाल आकडा नावालाच, कारण तो जवळजवळ कुणालाच मिळत नाही. इंडियाना फीव्हरच्या केल्सी मिचेलला त्या वर्षी तो मिळाला. ब्रियाना स्टुअर्टसारख्या मोठ्या खेळाडूने मात्र संघात चांगल्या सोबतिणी याव्यात म्हणून पूर्वी स्वतःहून कमी पगार घेतलेला आहे.

यामागचं कारण सॅलरी कॅप. २०२५ मध्ये एका संघाला सगळ्या खेळाडूंवर मिळून १५,०७,१०० डॉलरच खर्च करता येत होते, आणि ही मर्यादा कडक आहे. पुरुषांच्या एनबीएमध्ये कॅप ओलांडायच्या अनेक सवलती आहेत, दंडासारखा कर भरून मालक पुढे जातो. इथे तसं चालत नाही. बारा जणींमध्ये पंधरा लाख वाटायचे, त्यातल्या दोघींना दोन-दोन लाखांच्या वर दिले की उरलेल्यांच्या वाट्याला काय येईल ते कुणीही सांगेल. म्हणून कित्येक संघ बाराऐवजी अकराच खेळाडू ठेवतात. तेरा संघ गुणिले बारा म्हणजे जगभरात मिळून फक्त १५६ जागा. दरवर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नव्या खेळाडू निवडण्याच्या फेरीत, निवडलेल्या कितीतरी मुली सराव शिबिरातूनच घरी जातात.

पण ६६ हजार डॉलर म्हणजे ५६ लाख रुपये! हे कमी आहेत?

हा प्रश्न हमखास येतो. पुण्यात बसून पाहिलं तर कमी नाहीत. पण न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को अशा शहरांत राहणाऱ्या, कारकीर्द सरासरी काही वर्षांचीच असलेल्या आणि एका दुखापतीने घरी बसू शकणाऱ्या माणसाचा तो पगार आहे. शिवाय सगळे करार पक्के नसतात. जुन्या करारानुसार एका संघाला जास्तीत जास्त सहाच ‘संरक्षित’ करार करता येत. बाकीच्यांना हंगामाच्या मध्यातही नारळ मिळू शकतो.

तरीही माझ्या मते ‘कमी की जास्त’ हा प्रश्नच इथे फसवा आहे. पगार परवडतो की नाही यावर कुठलाच वेतनकरार ठरत नाही. तुमच्या कामातून धंद्याला किती मिळतं आणि त्यातलं तुम्हाला किती, यावर तो ठरतो.

केटलिन क्लार्कला खरंच फक्त ७६ हजार मिळाले?

हो. क्लार्क ही लीगमधली सर्वात चर्चेतली तरुण खेळाडू. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाने निवड होऊनही तिचा पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर होता आणि चार वर्षांचा मिळून ३,३८,०५६. नवोदित खेळाडूंचा पगार ड्राफ्टमधल्या क्रमांकानुसार करारातच छापलेला असतो, त्यात घासाघीस नाही. आदल्या वर्षी एनबीएमध्ये पहिला निवडला गेलेला व्हिक्टर वेम्बान्यामा पहिल्याच वर्षी १ कोटी २१ लाख डॉलरच्या वर घेऊन गेला.

क्लार्कचं पोट अर्थात या पगारावर नाही. नाइकीसारख्या जाहिरात करारांतून ती कोट्यवधी कमावते. तिच्याच पिढीतल्या एंजल रीसने तर उघडच सांगितलं की लीगच्या पगारात माझं घरभाडंसुद्धा सुटत नाही. पण जाहिराती मिळतात त्या मूठभर जणींना. संघातली नववी-दहावी खेळाडू, जी रोज सरावात क्लार्कला अडवायचा प्रयत्न करून तिला तयार ठेवते, तिच्यासाठी पगार हाच पगार.

म्हणजे पुरुषांइतका पगार हवाय का यांना?

नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की खेळाडू तो खोडून खोडून कंटाळल्या आहेत. केल्सी प्लमने २०२२ मध्येच स्पष्ट केलं होतं की पुरुषांएवढी रक्कम आम्ही मागत नाही, महसुलातली त्यांच्याएवढी टक्केवारी मागतो. एनबीएचा हंगाम ८२ सामन्यांचा, सामना ४८ मिनिटांचा. डब्ल्यूएनबीएचा ४४ सामन्यांचा, ४० मिनिटांचा. दोन्हीकडच्या उत्पन्नात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे युनियन नाकारत नाही. फक्त एनबीएच्या खेळाडूंना बास्केटबॉलशी संबंधित उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा करारानेच मिळतो आणि महिलांना त्याच्या जवळपासही काही मिळत नव्हतं, एवढंच त्यांचं म्हणणं.

एक हिशेब मांडून पाहा. २०२५ मध्ये तेराही संघांच्या सॅलरी कॅप एकत्र केल्या तर होतात सुमारे १ कोटी ९६ लाख डॉलर. २०२६ पासून लागू होणारा टीव्ही करार एकटाच सरासरी वर्षाला २० कोटी डॉलर आणणार आहे. तिकिटं, जर्सी, प्रायोजक वेगळेच.

महसुलातला हिस्सा द्यायला लीग तयार आहे म्हणे. मग अडलंय कुठे?

‘महसूल’ कशाला म्हणायचं, इथे. लीगच्या प्रस्तावात खर्च वजा जाता जे उरेल त्यातला वाटा आहे. युनियनला तो एकूण जमेतून हवा आहे.

कांदा घेऊन बाजार समितीत गेलेल्या शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. लिलावात पुकारलेला भाव वेगळा आणि हमाली, तोलाई, वाहतूक कापून हातात येणारी पट्टी वेगळी. टक्केवारी निव्वळ रकमेवर असेल तर ७० टक्केही पोकळ ठरू शकतात, कारण खर्च किती दाखवायचा हे हिशेब लिहिणाऱ्याच्या हातात असतं. नवं सराव केंद्र, चार्टर (संघासाठी खास भाड्याने घेतलेली) विमानं, लीगच्या कार्यालयातली नोकरभरती, मार्केटिंग, हे सगळं आधी वजा होणार. यातले बरेच खर्च खरे आणि आवश्यक आहेत, हेही मान्य करायला हवं. पण त्यावर खेळाडूंचं नियंत्रण शून्य आणि धोका मात्र त्यांच्या माथी, अशी ती रचना होते.

एकूण जमेतल्या टक्क्यांना तशी पळवाट नसते. आकडा लहान असला तरी तो दिसतो. म्हणूनच लीगने मोठी टक्केवारी जाहीर केली की युनियन लगेच विचारते: कशाच्या?

बातम्यांनुसार २०२५ च्या अखेरीस लीगच्या प्रस्तावात कमाल पगार दहा लाख डॉलरच्या पुढे गेला होता. आजवरच्या कमाल पगाराच्या चौपट. तरीही सही झाली नाही, त्याचं कारण हेच.

२०२० च्या कराराचं तर केवढं कौतुक झालं होतं. तो का सोडला?

कौतुक रास्त होतं. १४ जानेवारी २०२० ला जाहीर झालेल्या त्या कराराने कमाल पगार १,१७,५०० वरून २,१५,००० वर नेला, संघाची कॅप ९,९६,१०० वरून १३ लाखांवर, आणि रोख मोबदल्याची सरासरी पहिल्यांदाच एक लाख डॉलरच्या वर, जवळपास १,३०,००० वर जाईल असं सांगण्यात आलं. हॉटेलात प्रत्येकीला स्वतंत्र खोली मिळाली. विमानात जरा ऐसपैस आसन मिळालं. सहा फूट तीन इंचांच्या बाईने इकॉनॉमीच्या मधल्या सीटवर गुडघे दुमडून चार तास काढायचे आणि दुसऱ्या दिवशी उड्या मारायच्या, हे आधीचं चित्र होतं.

पण दोन गोष्टी घात करून गेल्या. कॅप दरवर्षी फक्त तीन टक्क्यांनी वाढेल, असं ठरलं होतं. १३ लाख, मग १३.३९, मग १३.७९, असं करत २०२५ ला पंधरा लाखांवर आली. त्याच काळात प्रेक्षक, टीव्ही, संघांच्या किमती कुठल्या कुठे गेल्या.

दुसरी गोष्ट महसूल वाटपाच्या कलमाची. ५०-५० असं ते ठळक अक्षरांत जाहीर झालं, पण ते लागू व्हायचं केव्हा, तर लीगने ठरलेलं महसुलाचं लक्ष्य ओलांडल्यावर, आणि तेही फक्त वरच्या रकमेवर. शिवाय लक्ष्य वर्षावर्षाचं वेगळं नसून साचत जाणारं होतं. करारावर सह्या झाल्या आणि दोन महिन्यांत कोविड आला. २०२० चा अख्खा हंगाम फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटनमध्ये बंदिस्त आवारात, प्रेक्षकांविना, २२ सामन्यांत उरकावा लागला. खेळाडूंना पूर्ण पगार मिळाला, हे लीगच्या बाजूने नोंदवायला हवं. पण महसुलाचा खड्डा पुढच्या वर्षांच्या बोकांडी बसला आणि ते ५०-५० कित्येक हंगाम कागदावरच राहिलं.

करार २०२७ पर्यंत होता, मात्र दोन्ही बाजूंना २०२५ च्या हंगामानंतर बाहेर पडायची मुभा होती. २० ऑक्टोबर २०२४ ला न्यूयॉर्क लिबर्टीने अजिंक्यपद जिंकलं आणि दुसऱ्याच दिवशी युनियनने बाहेर पडत असल्याची नोटीस दिली. मुहूर्त नेमका साधला होता.

सॅलरी कॅप लादणं कायद्यात बसतं का? सगळ्या मालकांनी मिळून पगार ठरवणं म्हणजे संगनमतच ना?

एरवी संगनमतच. अमेरिकेच्या स्पर्धाविषयक कायद्यात ते बेकायदा ठरलं असतं. पण युनियनशी वाटाघाटी करून झालेल्या करारात कॅप, ड्राफ्ट वगैरे असेल तर न्यायालयं त्याला सूट देतात. कॅपला कायदेशीर कवच मिळतं ते युनियनच्या सहीमुळे. मालकांना युनियन नकोशी वाटत असेल असं आपण धरून चालतो, पण या धंद्यात युनियन नसेल तर त्यांचीच पंचाईत होईल.

लीग तर तोट्यात आहे. मग पैसे मागायचे कुठून?

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

तोटा झालेला आहे. एनबीएचे आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर यांनी २०१८ मध्ये सांगितलं होतं की लीग सुरू झाल्यापासून सरासरी दरवर्षी एक कोटी डॉलरहून जास्त तोटा होतोय. २०२४ सारख्या तेजीच्या वर्षातही तोटा असल्याच्या बातम्या आल्या. चार्टर विमानांचाच खर्च वर्षाला अडीच कोटी डॉलर धरलेला होता.

आता दुसरी वही उघडा. गोल्डन स्टेट व्हॅल्कीरीज हा तेरावा संघ २०२५ मध्ये उतरला, त्याने प्रवेशासाठी ५ कोटी डॉलर मोजले होते. त्या हंगामात सॅन फ्रान्सिस्कोतल्या १८ हजारांच्या चेस सेंटरमधला त्यांचा प्रत्येक घरचा सामना हाऊसफुल्ल झाला. जून २०२५ मध्ये क्लीव्हलँड, डेट्रॉइट आणि फिलाडेल्फिया हे पुढचे तीन संघ जाहीर झाले, तेव्हा प्रवेशशुल्क झालं प्रत्येकी २५ कोटी डॉलर. एका संघाच्या या शुल्कात २०२५ च्या कॅपप्रमाणे सगळ्या लीगचा साधारण पावणेतेरा वर्षांचा पगार भागतो. आणि प्रेक्षकसंख्येचा २००२ पासून अबाधित असलेला विक्रमही २०२५ मध्ये मोडला.

तोट्यातल्या धंद्यात शिरायला शहाणी माणसं २५ कोटी मोजत नाहीत. मालक कमावतात ते वाढत्या किमतीवर, आणि ही वाढ वार्षिक ताळेबंदात दिसत नाही. जमिनीचा भाव दसपट झाला तरी शेती तोट्यात दाखवता येते.

वर मालकीची गुंतागुंत आहे. २०२२ मध्ये लीगने नाइकी आणि इतरांकडून ७.५ कोटी डॉलर उभे केले, त्या बदल्यात सुमारे १६ टक्के मालकी दिली. उरलेली एनबीएच्या मालकांकडे ४२ आणि डब्ल्यूएनबीएच्या संघमालकांकडे ४२ अशी विभागली गेली. पडत्या काळात एनबीएने ही लीग जगवली, हे खरं. आज पैसा यायला लागल्यावर त्यातला मोठा वाटा त्याच दारातून बाहेर जातो, हेही खरं.

टीव्हीच्या करारावर युनियन नाराज का?

एनबीएने २०२४ मध्ये डिस्ने, एनबीसी आणि अ‍ॅमेझॉनशी ११ वर्षांचा सुमारे ७६-७७ अब्ज डॉलरचा करार केला. त्यातच डब्ल्यूएनबीएचे हक्क जोडलेले होते, त्यांची किंमत लावली २.२ अब्ज. एकूण रकमेच्या तीन टक्क्यांहूनही कमी. आधीच्या मानाने ही झेप मोठीच. पण दोन्ही लीग एकाच गाठोड्यात विकल्यावर त्यातलं किती कुणाचं, हे ठरवणार कोण? ठरवलं एनबीएने. युनियनच्या कार्यकारी संचालक टेरी जॅक्सन यांनी त्याच वेळी हा मुद्दा उचलला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॉलेज महिला बास्केटबॉलचा अंतिम सामना पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला होता. १.८ कोटींच्या वर प्रेक्षक, म्हणजे बाजारात काय खपतं ते सगळ्यांना दिसत होतं.

या खेळाडू हिवाळ्यात परदेशी का जायच्या?

पैशासाठी. रशिया, तुर्कस्तान, चीन इथले क्लब डब्ल्यूएनबीएच्या कितीतरी पट द्यायचे. डायना टॉरासीला रशियातल्या येकातेरिनबर्गच्या क्लबने सुमारे १५ लाख डॉलर देऊ केले, आणि वर सांगितलं की २०१५ चा डब्ल्यूएनबीए हंगाम खेळू नकोस, विश्रांती घे. तिने ते स्वीकारलं. एका लीगची सर्वोत्तम खेळाडू दुसऱ्या देशातला मालक पैसे देऊन घरी बसवतो, याहून बोलका पुरावा कुठला?

बारा महिने खेळण्याची किंमत शरीर मोजायचं. २०१८ ची सर्वोत्तम खेळाडू ब्रियाना स्टुअर्ट हिचा टाचेमागचा अ‍ॅकिलिस स्नायुबंध एप्रिल २०१९ मध्ये युरोलीगच्या अंतिम सामन्यात तुटला आणि डब्ल्यूएनबीएचा अख्खा हंगाम गेला. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच येकातेरिनबर्ग क्लबसाठी जाताना ब्रिटनी ग्राइनरला मॉस्कोच्या विमानतळावर अटक झाली. सामानात गांजाचं तेल भरलेल्या ई-सिगारेटच्या नळ्या सापडल्या होत्या. नऊ वर्षांची शिक्षा झाली, डिसेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटली. ‘ती रशियात करत काय होती?’ असं जगाने विचारलं, तेव्हा उत्तर वेतनकराराच्या पानांत होतं.

गंमत अशी की २०२० च्याच करारात मालकांनी परदेशी खेळावर बेड्या घालून घेतल्या होत्या. २०२३ पासून अनुभवी खेळाडू उशिरा आली तर दंड, २०२४ पासून थेट हंगामभर निलंबन. पगार पुरेसा देण्याआधी निष्ठा मागून घेतली.

अनरायव्हल्ड काय आहे?

स्टुअर्ट आणि नफीसा कॉलियर या दोन खेळाडूंनीच काढलेली तीन-विरुद्ध-तीन लीग. जानेवारी २०२५ मध्ये मायामीजवळ सुरू झाली. काही आठवड्यांचा हंगाम, सरासरी पगार दोन लाख डॉलरच्या वर, शिवाय खेळाडूंना मालकीत हिस्सा. दोघीही युनियनच्या उपाध्यक्ष. वाटाघाटीच्या टेबलावर बसलेल्या माणसाकडे दुसरीकडची नोकरी असली की आवाजात फरक पडतोच.

चार्टर विमानांचा एवढा मोठा मुद्दा का झाला?

कारण लीगचा नियमच असा होता की चार्टर विमान घ्यायचं नाही. श्रीमंत मालकाने घेतलं तर इतरांवर अन्याय! ऑगस्ट २०१८ मध्ये लास वेगस एसेसचा संघ विमानं रद्द होत, उशीर होत वॉशिंग्टनला पोचला तो २५ तासांहून जास्त प्रवास करून, सामन्याच्या काही तास आधी. खेळाडूंनी खेळायला नकार दिला. लीगने सामना हरल्याचं जाहीर केलं आणि हंगामाअखेर एका विजयाच्या फरकाने त्यांचं प्लेऑफ (अजिंक्यपदाची बाद फेरी) हुकलं. २०२१ मध्ये लिबर्टीच्या मालकांनी गुपचूप चार्टर वापरलं म्हणून पाच लाख डॉलर दंड झाला. खेळाडूंची काळजी घेतल्याबद्दल! जून २०२३ मध्ये डॅलसच्या विमानतळावर एक माणूस ग्राइनरच्या मागे कॅमेरा घेऊन ओरडत फिरला, तेव्हा हा सुरक्षेचाही प्रश्न झाला. अखेर मे २०२४ मध्ये लीगने सगळ्यांसाठी चार्टर सुरू केलं.

तोवर ‘परवडत नाही’ हेच उत्तर मिळत होतं. क्लार्क लीगमध्ये आली त्याच महिन्यात ते परवडू लागलं.

बाळंतपणाच्या रजेचं काय?

२०२० पूर्वी अर्धा पगार. त्या कराराने पूर्ण पगार दिला, मुलं असलेल्या खेळाडूला दोन बेडरूमचं घर, पाळणाघरासाठी वर्षाला ५,००० डॉलर, आणि अनुभवी खेळाडूंना दत्तक, सरोगसी, बीजांड गोठवणं यांसाठी ६०,००० पर्यंत परतावा. स्कायलर डिगिन्स-स्मिथ २०१८ चा पूर्ण हंगाम गरोदरपणात, कुणाला न सांगता खेळली होती, ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की या कलमांचं वजन कळतं. २०२० च्या करारातला हा भाग खरोखर टिकाऊ आहे.

युनियन किती जुनी आहे?

लीगचा पहिला हंगाम १९९७ चा, युनियन १९९८ ची. व्यावसायिक महिला खेळाडूंची सांघिक खेळातली ही पहिली युनियन. तेव्हा एबीएल नावाची दुसरी महिला लीग अस्तित्वात होती, पगारही जास्त देत होती. डिसेंबर १९९८ मध्ये तिचं दिवाळं वाजलं. पर्यायच संपल्यामुळे १९९९ चा पहिला करार युनियनला कमकुवत बाजूने करावा लागला. २००३ मध्ये एनबीएचे तेव्हाचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी हंगामच रद्द करण्याची धमकी दिली होती. त्याच वाटाघाटीतून मुक्त खेळाडू होण्याचा, म्हणजे करार संपल्यावर संघ निवडण्याचा हक्क मिळाला.

२०१६ पासून अध्यक्ष आहे नेका ओगुमिके. आधीचा करार सोडण्याचा २०१८ मधला निर्णय, २०२० चा करार आणि आताची लढाई, तिन्ही तिच्या कारकिर्दीतल्या. सल्लागारांत क्लॉडिया गोल्डिन आहेत, स्त्रियांच्या श्रमबाजारावरच्या कामासाठी २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या. त्या मानधन घेत नाहीत.

ऑल-स्टार सामन्यात खेळाडूंनी घातलेल्या टी-शर्टवर काय लिहिलं होतं?

‘आमचं देणं लागता ते द्या’ अशा अर्थाचं. १९ जुलै २०२५, इंडियानापोलिस, ऑल-स्टार म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंचा सामना. सरावाच्या वेळी दोन्ही संघांनी ते काळे शर्ट घातले. दोनच दिवस आधी चाळीसहून जास्त खेळाडू लीगबरोबरच्या बैठकीला स्वतः हजर राहिल्या होत्या आणि हात हलवत परतल्या होत्या. सामन्यानंतर कमिशनर कॅथी एंगलबर्ट बक्षीस द्यायला आल्या तेव्हा प्रेक्षकच ‘यांना पैसे द्या’ म्हणून ओरडायला लागले. पगारवाढीच्या आंदोलनात गिऱ्हाईक कामगारांच्या बाजूने घोषणा देतंय, असं सहसा होत नाही.

कमिशनर आणि कॉलियर यांच्यात काय बिनसलं?

३० सप्टेंबर २०२५ ला कॉलियरने पत्रकारांसमोर लिहून आणलेलं निवेदन वाचलं आणि लीगचं नेतृत्व जगात सर्वात वाईट असल्याचं सांगितलं. क्लार्कने लीगमुळे जाहिराती मिळतात म्हणून कृतज्ञ राहावं, असं एंगलबर्ट खासगीत म्हणाल्याचा तिचा आरोप होता. क्लार्कबद्दल आपण तसं बोललोच नाही, असं एंगलबर्ट यांनी सांगितलं. खासगी संभाषणात काय घडलं यावर वाद घालण्यात अर्थ नाही. परिणाम मात्र उघड झाला: ज्या खेळाडू एरवी गप्प असायच्या, त्याही कॉलियरच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

संप होईल की टाळेबंदी?

करार ३१ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. आधी ३० दिवसांची मुदतवाढ, मग ९ जानेवारी २०२६ पर्यंतची. १८ डिसेंबरला खेळाडूंनी मतदान करून संपाचा अधिकार कार्यकारिणीला दिला. ९३ टक्के मतदान, त्यातली ९८ टक्के मतं बाजूने. याचा अर्थ संप जाहीर झाला असा नाही. हत्यार टेबलावर ठेवलं, एवढंच.

हंगाम मे महिन्यात सुरू होत असल्याने हिवाळ्यातल्या संपाने लगेच एकही सामना बुडत नाही. दोन्ही बाजूंना खरी कळ लागते ती मार्चनंतर, तिकिटं विकायची आणि सराव शिबिरं भरवायची वेळ आली की. खेळाडूंनी तयारी आधीपासून केलीय: जवळजवळ सगळ्या अनुभवी खेळाडूंनी आपले करार २०२५ ला संपतील असेच केले होते. नवा करार झाला की एकाच वेळी सगळा बाजार खुला. हे आपोआप घडलेलं नाही.

भारताचा याच्याशी काही संबंध?

थेट फार थोडा. केरळची गीतू अ‍ॅना जोस २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या तीन संघांच्या चाचणीसाठी गेली होती, निवड झाली नाही. ती दक्षिण रेल्वेत नोकरीला होती. आपल्याकडे महिला बास्केटबॉलपटूचा पगार म्हणजे आजही बहुधा अशी नोकरीच, त्यामुळे महसुलातल्या हिश्शाचा प्रश्नच उद्भवत नाही.

क्रिकेटशी तुलना लोक करतात. बीसीसीआयने ऑक्टोबर २०२२ मध्ये महिलांचं सामना-मानधन पुरुषांएवढं केलं: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६, टी-२० ला ३ लाख रुपये. चांगलं झालं. पण ते दिलं गेलं, वाटाघाटीतून घेतलेलं नाही, कारण खेळत असलेल्या क्रिकेटपटूंची मान्यताप्राप्त युनियनच नाही. डब्ल्यूपीएलच्या कमाईतला किती टक्के वाटा खेळाडूंचा, हे विचारायला टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कुणी बसलेलं नाही.

पुढे कशावर लक्ष ठेवावं?

पहिलं, नव्या करारात हिस्सा एकूण महसुलावर आहे की निव्वळ. कमाल पगाराचा आकडा मथळ्यात येईल, हे कलम चौथ्या परिच्छेदात असेल. दुसरं, किमान पगार. तिसरं, संघाने घर देण्याची जुनी सोय राहते का, कारण ती गेली तर कमी पगारवाल्यांना वाढीतला बराच भाग भाड्यातच घालावा लागेल. आणि टोरोंटो व पोर्टलंड हे दोन नवे संघ २०२६ ला उतरायचे आहेत. करार झाल्याशिवाय त्यांना खेळाडू निवडण्याचा एक्सपान्शन ड्राफ्ट घेता येत नाही, त्यामुळे संघाचं नाव, रंग, जर्सी तयार आणि खेळाडू एकही नाही अशा अवस्थेत त्यांचे मालक बसले आहेत. घाई कुणाला जास्त आहे, याचा अंदाज त्यांच्याकडे पाहून येईल.